खांबावरची शेगडी

ओव्हाळ सरांच्या घरी विजेची शेगडी आली ती बार्शीहून, एसटीच्या टपावरून, कुणाच्या तरी रुखवतातल्या पलंगाच्या पायाला सुतळीनं बांधलेली. सर स्वतः खाली खिडकीशी बसले होते, पण त्यांचा सगळा जीव टपावर होता. प्रत्येक थांब्यावर उतरून ते चष्मा सावरत, मान वर करून शेगडी बघत आणि कंडक्टरनं घंटी मारली की धावत आत येत. भूमला पोचेपर्यंत असे ते अकरा वेळा उतरले. शेगडी आली धडधाकट. सरांचीच मान दोन दिवस वाकडी राहिली.

उत्तरेश्वर ओव्हाळ हे भूमच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. एका जागी बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. वर्गात ते खिडकीपासून दारापर्यंत चालत शिकवायचे आणि मागच्या बाकावरची पोरं झोपायची सोय नसल्यामुळे नाइलाजानं पास व्हायची. घरातही तेच. पण शेगडी त्यांनी हौसेपोटी आणली नव्हती. शहाऐंशीचा उन्हाळा होता. सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते, सरपणाला काडी नव्हती आणि रॉकेलच्या रांगेत त्यांच्या बायकोची, सत्यभामाबाईंची, अर्धी सकाळ जाई. आणि संध्याकाळ पाण्याच्या रांगेत. निदान एक रांग तरी कमी करू, असं सरांनी मनाशी ठरवलं होतं.

शेगडीच्या बुडाला पत्र्यावर ‘१००० वॅट’ असं उमटवलं होतं. आता ‘हजार वॅट’ वाचून कुणीही माणूस चहा मांडेल. सरांनी घड्याळ मांडलं. एक लिटर पाणी, तीस अंशांवरून शंभरावर, म्हणजे हिशेबानं पाच मिनिटं. उघडी कॉइल, वारा, पातेल्याचं बूड यांची सूट देऊन आठ. पाणी उकळलं चौदाव्या मिनिटाला. पुन्हा ठेवलं. पुन्हा चौदा.

“सहा मिनिटं जातात कुठं?” सर स्वयंपाकघरात येरझारा घालत म्हणाले.

“उकळू द्या की त्याला,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “तुम्ही कशाला उकळताय?”

एवढ्यात बाहेरून धुरपदाबाईंचा आवाज आला. धुरपदाबाई म्हणजे गल्लीच्या बोअरच्या मालकीणबाईच. बोअर होता सगळ्या गल्लीचा. हापशानं पाणी उचलेना म्हणून हापसा काढून गल्लीनं मिळून त्यावर एक हॉर्सपॉवरची मोटर बसवली होती. पण मोटरचं बटन धुरपदाबाईंच्या भिंतीवर होतं आणि ज्याच्या भिंतीवर बटन त्याचा शब्द शेवटचा, हा नियम गल्लीनं ठराव न करताच मान्य केला होता. वीज यायची संध्याकाळी पाच ते सात. त्या दोन तासांत साठ घागरी भरायच्या.

“मोटर नुसती घुमतीया!” धुरपदाबाई ओरडत होत्या. “फिरंना की!”

रांगेतल्या घागरी वाजायला लागल्या. सगळे बोअरकडे धावले आणि जाताना सत्यभामाबाईंनी सवयीनं शेगडी बंद केली. मोटर एकदा कण्हली, अडखळली आणि सुरू झाली. गल्लीनं हे बघितलं. गल्लीत शिकलेली माणसं कमी असतील, पण प्रयोग कसा करावा हे कुणाला शिकवायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी धुरपदाबाईंनी मुद्दाम निरोप धाडला: “शेगडी लावा.” लावली. मोटर घुमली. “काढा.” काढली. फिरली. असं तीन संध्याकाळी झालं आणि चौथ्या संध्याकाळी निकाल लागला.

“सर, तुमची शेगडी आमचं पानी पिती,” धुरपदाबाई म्हणाल्या.

सरांना हे फार लागलं. शेगडी पाणी पिते हे वाक्य शास्त्रात बसत नव्हतं, म्हणून नव्हे. ते वाक्य खरं दिसत होतं, म्हणून. त्यांनी रांगेसमोर उभं राहून विद्युतधारा, विभवांतर आणि रोध यांवर एक छोटं व्याख्यान दिलं. एक शेगडी फार तर साडेचार अँपियर घेते, तेवढ्यानं मोटर अडायचं कारण नाही, हे त्यांनी हातवारे करून पटवलं. बायकांनी ऐकून घेतलं. घागर डोक्यावर असलेलं माणूस नाहीतरी मान हलवू शकत नाही.

“ते समदं बरुबर हाय सर,” धुरपदाबाई शेवटी म्हणाल्या, “पर शेगडी लावू नगा.”

शेजारी पिराजी ड्रायव्हर राहत. एसटीत वीस वर्षं काढलेला हा गृहस्थ जगातल्या कुठल्याही बिघाडाकडे चढावर दमलेली गाडी म्हणूनच बघे. “मोटरला धक्का मारा सर,” असा त्यांनी सल्ला दिला. मोटर जमिनीत बोल्टांनी आवळलेली होती हे लक्षात आणून दिल्यावर ते म्हणाले, “मग शेगडीची कॉइल अर्धी कापा. अर्धी कॉइल, अर्धा करंट.”

“अर्धी कापली तर रोध अर्धा होतो, पिराजीराव! करंट दुप्पट होईल!”

“कापल्यावर वाढतंय?” पिराजी सरांकडे करुणेनं बघत म्हणाले. “ऊन लई हाय सर. डोक्याला टापर बांधत जावा.”

सरांना आता चैन पडेना. शेगडीचा खरा करंट मोजायचा, खरं व्होल्टेज मोजायचं आणि गल्लीच्या तोंडावर आकडे फेकायचे, एवढं एकच डोक्यात. शाळेच्या कपाटात एक अँमीटर होता. अकरा वर्षं ते तो नववीच्या वर्गाला लांबून दाखवत आले होते, कारण तो डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या कायम सामानाच्या यादीत, होता आणि डेडस्टॉकची वस्तू वापरली की झिजते, असं हेडमास्तरांचं मत होतं. शनिवारी सरांनी तो पिशवीत घातला, घरी आणला आणि घाईघाईनं शेगडीच्या वायरीत जोडला. काटा जागचा हलला नाही. शून्यावर नुसता थरथरत राहिला, गारठलेल्या माणसासारखा. मग आतून बारीक धूर निघाला. सरांनी प्लग उपटला आणि तबकडीवरची बारीक अक्षरं वाचली. अँमीटर बॅटरीच्या, एकाच दिशेनं जाणाऱ्या धारेसाठी होता. घरातली धारा सेकंदाला पन्नास वेळा पुढंमागं होते. हा फरक ओळखायला आधी तबकडी वाचावी, हे वाक्य सरांनी अकरा वर्षं, दर वर्षी, फळ्यावर लिहिलं होतं.

सोमवारी हेडमास्तरांनी अँमीटरचा वास घेतला.

“हा मयत झालाय,” ते म्हणाले. “आता डेडस्टॉकमधून कमी करायचा तर कारण लागेल. लेखी खुलासा द्या. ‘अध्यापन करताना जळाला’ असं लिहिणार असाल तर तास कोणता, इयत्ता कोणती, पटावर हजर किती, तेही लिहा.”

सरांनी खुलासा तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. शनिवारी संध्याकाळी, स्वयंपाकघरात, हजर एक.

इकडे शेगडी बंद होऊन आठ दिवस झाले होते. तरी नवव्या संध्याकाळी मोटर घुमली आणि शेगडी लागलेली नसतानाही फिरेना. सहा वाजले, साडेसहा वाजले. बायकांनी घागरी उलट्या करून त्यावर बसायला सुरुवात केली. आणि तेवढ्यात धुरपदाबाई सरळ उठून सरांच्या घरात शिरल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि शेगडीच्या कॉइलवर पालथा हात ठेवला.

कॉइल गार होती.

“मला वाटलं चोरून लावताव,” त्या म्हणाल्या आणि आल्या तशा निघून गेल्या.

उत्तरेश्वर ओव्हाळांचे वडील खडी फोडायच्या कामावर होते. मुलगा सर झाला तेव्हा ते गावभर पायी फिरून ‘आमचा सर, आमचा सर’ सांगत सुटले होते. त्या सरांच्या चुलीवर हात ठेवून चोरी तपासली गेली होती. त्या दिवशी सर जेवले नाहीत. शिवाय दुसऱ्या पहाटेपासून सगळ्या गल्लीला दीड मैलावरच्या भिमाबाईंच्या मळ्यात विहिरीवर जावं लागलं. तिसऱ्या दिवशी सत्यभामाबाई भरल्या घागरीसकट बांधावरून घसरल्या. गुडघा सोलला. त्या त्यावर हळद दाबत बसल्या होत्या आणि सर दारातून आत, आतून दारात, असे फिरत होते.

“तुम्ही बसा हो जरा,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला बघून माझा गुडघा जास्त दुखतोय.”

सर बसले नाहीत. ते सायकलवर टांग टाकून निघाले ते थेट दूध संस्थेच्या शीतकरण केंद्रावर गेले. तिथं गुरुलिंग नावाचा इलेक्ट्रिशियन होता. आयटीआय केलेला, बोलायला मोजका. त्याच्याकडे टाँग टेस्टर होता. म्हणजे चिमट्यासारखा मीटर. तार तोडावी लागत नाही, नुसती चिमट्यात धरली की करंट कळतो, वर दोन वायरी लावल्या की व्होल्टेजही कळतं. सरांनी सगळी हकीकत सांगितली. जळक्या अँमीटरचा भाग सोडून.

“येतो की सर,” गुरुलिंग म्हणाला. “पर मीटर संस्थेचा हाय. चेअरमनला इचारा.”

चेअरमन आबाराव हे मोठे बागायतदार. निदान पाऊस होता तोवर होते. त्यांनी सरांना लोडाशी बसवलं, अर्धा कप चहा दिला.

“इज्ञानाच्या कामाला आमची ना न्हाय सर. पर वस्तू संस्थेची. संस्था म्हंजे सभासद. ठराव घ्यावा लागंल.”

“एका तासाचं काम आहे आबाराव.”

“ठराव तासाचा असू नायतर वर्षाचा, कोरम तेवढाच लागतुया.”

कोरम सात जणांचा. त्यातले दोघे चारा छावणीवर जनावरांपाशी, एक मुलीच्या सासरी आणि एक सोनारीला काळभैरवाच्या यात्रेला गेलेला. तो नवस फेडूनच येणार होता. सर रोज शाळा सुटली की संस्थेच्या ओट्यावर येऊन डोकी मोजत. तीन. पाच. पुन्हा चार. सहा. सहाव्या दिवशी सोनारीवाला कपाळाला गुलाल घेऊन एसटीतून उतरला, तसं सरांनी त्याला घरी जाऊ न देता सायकलच्या दांडीवर बसवून आणला. सभा झाली. मागचं इतिवृत्त वाचून कायम झालं, चाऱ्यावर दोन तास भांडण झालं आणि मग, सूचक सोनारीवाले, अनुमोदक दुसरे कुणीतरी, एकमतानं ठराव पास झाला: मीटर ओव्हाळ सरांच्या कामी द्यावा, मात्र तो गुरुलिंग यांच्या हातातून खाली ठेवला जाऊ नये.

त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी पाच वाजता गुरुलिंग मीटर छातीशी धरून आला. दार उघडायला त्याला दुसऱ्या कुणाचा तरी हात लागला. सगळी गल्ली खिडकीत जमली होती. सरांनी शेगडी लावली आणि गुरुलिंगला वायर दाखवली. त्यानं धरली. काटा शून्य.

“बघा!” खिडकीतून पिराजी म्हणाले. “करंटच न्हाय तर शेगडीचा काय दोष?”

“सर,” गुरुलिंग हळूच म्हणाला, “दोनी तारा एकदम धरल्या की शून्यच दावतंय. जाणारा आन् येणारा एकमेकाला मारतात. एकच धरू का?”

सरांचे कान गरम झाले. गुरुलिंगनं वायरचं वरचं वेष्टन सोलून एकच तार चिमट्यात घेतली. चार अँपियर. शेगडी बंद असताना घरातलं व्होल्टेज दोनशे वीस होतं. शेगडी लावल्यावर ते एकशे ऐंशीवर आलं.

सर थबकले. येरझारा थांबल्या. त्यांनी खडू उचलला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरच लिहायला लागले. एकशे ऐंशी भागिले चार, पंचेचाळीस ओहम. हा शेगडीचा रोध. एकशे ऐंशी गुणिले चार, सातशे वीस वॅट. ही शेगडीची खरी शक्ती. हजाराची शेगडी सातशे विसावर चालतेय, म्हणून पाण्याला उशीर.

“मग वरचे चाळीस व्होल्ट कुठं गेले?” गुरुलिंग म्हणाला.

“तेच!” सर जवळजवळ ओरडले. “चाळीस भागिले चार. दहा ओहम! वाटेत कुठंतरी दहा ओहमचा रोध बसलाय. आणि चाळीस गुणिले चार, एकशे साठ वॅट. म्हणजे सत्यभामा, आपण इथं शेगडी लावली की बाहेर कुठंतरी दुसरी एक शेगडी आपोआप पेटते. एकशे साठ वॅटची! तिच्यावर कुणी काही शिजवत नाही. ती नुसती जळतेय!”

मग धुरपदाबाईंनी विचारलं, “कुनाच्या घरात?”

हा प्रश्न मात्र शास्त्राला धरून होता. सरांनी शेगडी चालू ठेवली आणि वरात निघाली: पुढं छातीशी मीटर धरलेला गुरुलिंग, मागं खडू घेतलेले सर, मागं गल्ली. नर्सबाई शिवगंगा यांच्या घरी मोजलं, एकशे ऐंशी. धुरपदाबाईंच्या भिंतीवर, एकशे ऐंशी. पिराजींच्या घरी, दोनशे अठरा. पिराजींचं घर तिसऱ्या खांबाच्या अलीकडे आणि बाकी सगळी त्याच्या पलीकडे. सगळ्यांनी माना वर केल्या. तिसऱ्या खांबापाशी तारेला एक सांधा होता. दोन टोकं नुसती एकमेकांना पिळून ठेवलेली. काळी पडलेली.

“ढिला सांधा,” गुरुलिंग म्हणाला. “रजिस्टन तिथं बसलाय. रोज जळून आनखी वाढतुया. मोटरला सुरू होताना शेगडीच्या तिप्पट-चौपट करंट लागतो. एवढा करंट या सांध्यातनं गेला की मोटरपर्यंत व्होल्टेज शंभरबी पोचत नसंल.”

सरांनी वळून रांगेकडे बघितलं. त्यांना वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलेल. निदान माफीसारखं. धुरपदाबाई म्हणाल्या, “मग जावा की वर.”

वर जायचा अधिकार फक्त वीज कचेरीच्या माणसाला. वायरमन सिदू दुसऱ्या दिवशी आला, त्यानं धुरपदाबाईंच्या बोर्डात दिवा लावून बघितला. दिवा झकास लागला. “लाईट फसकलास हाय,” म्हणून तो गेला. एका दिव्याला करंट लागतो तो किती, एवढ्याशा करंटनं सांध्यात व्होल्टेज पडतं ते किती, हे सर त्याच्या सायकलमागं पळत सांगत होते, पण सायकल पुढं गेली.

तेव्हा सरांनी अर्ज लिहिला. दोन पानी, सुवाच्य, आकृतीसह, शेवटी सगळा हिशेब. सही. कचेरीतले साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी अर्ज शिपायाकरवी आवकला नोंदवून घेतला आणि मग वाचला.

“तक्रारीचा प्रकार लिहिलेला नाही तुम्ही.”

“रोध. जोडणीतला अनावश्यक रोध.”

साहेबांनी छापील नमुना पुढं सरकवला. “प्रकार तीन आहेत. लाईट नाही, तार तुटली, खांब पडला. यातलं तुमचं काय?”

“यातलं काहीच नाही.”

“मग तक्रार नाही.”

“साहेब, व्होल्टेज कमी आहे!”

“कमी म्हणजे आहे,” साहेब समजुतीनं म्हणाले. मग त्यांची नजर दुसऱ्या पानावर गेली. “ही शेगडी तुमची? सातशे वीस वॅट? गुरुजी, तुमचा मंजूर भार तीनशे वॅटचा आहे. आणि हे तुम्ही हिशेबासकट, सहीनिशी लिहून दिलंय?”

सरांना कळेना की बसावं की उठावं. ते अर्धवट उठलेल्या अवस्थेतच म्हणाले, “अर्ज परत द्या.”

“आवक झालाय. परत हवा असेल तर परत मिळण्याबद्दल अर्ज करा.”

आणि भूमच्या हायस्कुलातल्या विज्ञानशिक्षकानं, नववीला ज्यानं अकरा वर्षं ‘निष्कर्ष ठामपणे मांडावा’ असं शिकवलं, त्यानं तिथंच उभं राहून ‘सदर निष्कर्ष मजकडून नजरचुकीने मांडला गेला’ असा अर्ज लिहून दिला.

घरी येताना रस्त्यात त्यांना गल्लीतल्या बायका भेटल्या, मळ्यातून परतणाऱ्या, ओळीनं. सर्वांत मागं सत्यभामाबाई होत्या, लंगडत. सरांनी सायकल बाजूला लावली, त्यांच्या डोक्यावरची घागर घेतली आणि खांद्यावर ठेवली. पाणी हिंदकळून सरांचा सदरा भिजत होता. दारापाशी आल्यावर सर एकदम म्हणाले, “तार तुटली तर?”

“काय?”

“तार तुटली, हा दोन नंबरचा प्रकार आहे. तो त्यांना घ्यावाच लागेल.”

त्या दिवशी त्यांनी भिंतीवरचा उरलेला कोपराही भरून टाकला. एका शेगडीला चार अँपियर. चार शेगड्या लावल्या तर करंट चौपट होणार नाही, कारण सांधाही आपला वाटा मागतो. पण दहा अँपियर नक्की. आणि सांध्यातली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. दहा दाही शंभर, गुणिले दहा ओहम. हजार वॅट! वितळल्याशिवाय राहत नाही.

“सर, धोका हाय,” गुरुलिंग एवढंच म्हणाला. पण नाही म्हणाला नाही. त्याची आई त्याच विहिरीवर जात होती.

गल्लीला फार समजवावं लागलं नाही. आजवर एक शेगडी बंद करा म्हणणारी गल्ली आता चार शोधायला लागली. सरांची एक. शिवगंगाबाईंची एक, सुया उकळायची. पिराजींची इस्त्री, युनिफॉर्मसाठीची, ती धुरपदाबाईंच्या घरात लावायची ठरली. गुरुलिंगनं स्वतःचा पाणी तापवायचा रॉड आणला. कपडे धुतलेल्या पाण्याची एक बादली मोठ्या कष्टानं त्यासाठी मिळवली. तिसऱ्या खांबाखालून माणसं हटवली, राखेची रेघ ओढली. साडेपाचला सरांनी हात वर केला.

“लावा!”

गल्लीतले दिवे पिवळे पडले. सगळे रेघेबाहेर माना वर करून उभे. दोन मिनिटं काही नाही. पिराजी म्हणाले, “कापा म्हणलं व्हतं कॉइल.” चौथ्या मिनिटाला शिवगंगाबाईंनी बोट दाखवलं. कलत्या उन्हात, खांबावर, सांधा लाल झाला होता. आधी विडीच्या टोकाएवढा, मग लिंबाएवढा. महिनाभर ज्या शेगडीचा पत्ता त्यांनी नुसत्या भागाकारानं लावला होता, ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पेटली होती. “बघा!” ते ओरडले. “बघा! हीच ती!”

फट्ट असा आवाज झाला. ठिणग्या उडाल्या आणि तार सुटली.

पण तार सुटते तेव्हा तिला दोन टोकं होतात. सरांनी सगळं मोजलं होतं, एवढंच मोजलं नव्हतं. गल्लीकडचं टोक मुकाट लोंबकळलं. दुसरं टोक, विजेकडचं, जिवंत, सणसणत खाली आलं आणि राखेची रेघ ओलांडून माणसांच्या बाजूला मातीत फडफडायला लागलं. धुरपदाबाईंची शेळी बिचकली आणि दावं तोडून नेमकी तिकडेच निघाली. मागून धुरपदाबाई.

“मागं!” सर ओरडले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. ते दोन्ही हात पसरून धुरपदाबाईंच्या आडवे झाले. बाई वजनानं भारी, दोघंही मागं धुळीत पडले. “सोडा, माजी शेळी!” असं म्हणत बाईंनी सरांच्या पाठीत तीन गुद्दे घातले. सरांनी हात सोडले नाहीत. तोवर गुरुलिंग मीटर सत्यभामाबाईंच्या ओच्यात टाकून ट्रान्सफॉर्मरकडे धावत सुटला होता. सरांनी एक, दोन, तीन असं मोजायला सुरुवात केली, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. शेळी तारेपासून चार पावलांवर थांबली, तिनं मातीचा वास घेतला. चव्वेचाळीसला सणसण थांबली. गुरुलिंगनं फ्यूज ओढला होता.

शेळी तार ओलांडून पलीकडे गेली.

सर उठून घरात आले आणि भिंतीला टेकून खाली बसले. महिन्याभरात पहिल्यांदाच आपणहून बसले. “माणूस मेलं असतं,” ते म्हणाले. सत्यभामाबाईंनी मीटर जपून फडताळावर ठेवला, त्यांच्या शेजारी बसल्या आणि त्यांच्या पाठीवरची धूळ झाडत राहिल्या. धूळ संपल्यावरही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिदू शिडी, पक्कड आणि छापील नमुना घेऊन हजर झाला. दोन नंबरचा प्रकार होता, यावंच लागलं. त्यानं सांधा नव्या क्लॅम्पनं आवळला, खाली उतरला आणि नमुना सरांपुढं धरला.

“तक्रारदार म्हणून सही करा. कारन मी लिवतो. वारा लिवू?”

“वारा कुठं होता काल?”

“झाड पडलं?”

“या गल्लीत झाड आहे का एखादं?”

“मग वानर. वानरानं उडी मारल्यामुळं तार तुटली.”

सर ताठ झाले. “सिदू, दोन वर्षांत या बाजूला एक वानर फिरकलेलं नाही. झाडं नाहीत, पाणी नाही. कारण सांध्यातला रोध आहे. दहा ओहम. मी सिद्ध करून देतो.”

सिदूनं शांतपणे पेन्सिल कानावर ठेवली. “सर, ‘सांधा ढिला’ लिवलं तर सांधा मारणारा मी. ‘भार जादा’ लिवलं तर शेगडीवाले तुमी. दोघंबी नोकरीवाली मान्सं. वानराला नोकरी न्हाय.”

सरांनी भिंतीवरच्या खडूच्या आकड्यांकडे बघितलं. चार अँपियर, दहा ओहम, हजार वॅट. सगळे बरोबर होते. मग दाराबाहेर बघितलं. चार वाजून पन्नास मिनिटं झाली होती आणि घागरींची रांग पिराजींच्या घरापर्यंत गेली होती. त्यांनी नमुना घेतला आणि ‘वानर’ या शब्दाखाली, पूर्ण नावानं, बी.एस्सी., बी.एड. सकट सही केली.

पाचला वीज आली. सरांनी सत्यभामाबाईंना खुणेनं सांगितलं आणि त्यांनी शेगडी लावली. धुरपदाबाईंनी बटन दाबलं. मोटर घुमली नाही, अडखळली नाही. एका दमात फिरली. पाइपातून आधी हवा, मग गढूळ पिचकारी आणि मग पाण्याची अशी जाड धार आली की पहिली घागर आडवी झाली. बायका ओरडल्या. शिवगंगाबाईंनी नळाखाली हात धरून तोंडावर पाणी मारून घेतलं. सर लांब उभे होते.

धुरपदाबाईंनी पहिली घागर भरली, कमरेवर घेतली आणि रांग सोडून सरांपाशी आल्या. “सत्यभामाला द्या. तिचा गुडगा दुखतुया,” म्हणून ती त्यांच्या हातात दिली. मग शिडी खांद्यावर टाकून निघालेल्या सिदूला त्यांनी हटकलं.

“काय रं सिदू, कशानं तुटली म्हनून लिवलं?”

“वानरानं, मावशी.”

“व्हय?” धुरपदाबाईंनी सरांना डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट न्याहाळलं. “मंग त्या वानराला चष्मा व्हता का, त्येबी लिवायचं व्हतंस.”

सगळ्या रांगेत हसू फुटलं. आतून सत्यभामाबाईंचं हसू ऐकू आलं. सरांनी एका हातानं घागर सावरली, दुसऱ्या हातानं चष्मा काढून खिशात घातला आणि आत गेले.